दूध चोरणारी भुरी

भुरीने त्या सकाळीही दूध चोरलं. दूध चोरणं म्हणजे कास भरलेली असते, पण म्हैस पान्हा सोडत नाही, दूध सडांत उतरूच देत नाही. रेडकाला सोडायची. मी बसले की बंद. बादलीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

ह्यांच्या बदलीच्या गावी, हिंदी मुलखातल्या मुरलीपुऱ्यात, घरामागे मोकळी जागा होती, म्हणून म्हशीसाठी मीच ह्यांच्या मागे लागले होते. हे रेल्वेत. भुसावळला आमच्या दोन्ही घरांत कोणी कोंबडीसुद्धा पाळली नव्हती. भुरी आणली ती ट्रायलवर. रविवारपर्यंत जमलं नाही तर परत, आणि रविवार उजाडला होता.

हे म्हणाले, "संध्याकाळी सोडून येतो. झाली ना हौस?"

मी गप्पच असायची. पण भुरी मला हवी होती.

संध्याकाळी तिची आधीची मालकीण धापूबाई स्वतःच आली. तिने भुरीपुढचं खाणं, आंबोण पाहिलं, माझं बसणं पाहिलं, हात पाहिला. सगळं ठीक होतं. मग म्हणाली, "गूंगी है के? इससे बात कर."

मुकी आहेस का, असं मला विचारत होती. ती स्वतः धार काढताना रोज मोठ्याने सासूला शिव्या द्यायची. भुरीला तीच सवय. एवढं सांगून ती बाहेर ह्यांच्याजवळ खाटेवर जाऊन बसली.

मी भुरीच्या पोटाला डोकं टेकलं. काय बोलू? म्हटलं, आज भरीत केलंय. तिचा कान हलला. म्हटलं, पण इथे आपल्यासारखी वांगी मिळत नाहीत बाई. सड जरा सैल पडले. मग माझं मलाच आवरेना. हे घोरतात, शंटिंगचं इंजिन परवडलं. निळ्या साडीत मी बरी दिसते असं लग्नानंतर एकदा म्हणाले, ते पुन्हा नाव नाही. ह्यांच्या साहेबांची बायको चहात बोट बुडवून बघते. बादलीत धारा वाजायला लागल्या. मला हसू फुटलं. हसले तर धार आणखी जोरात. आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं भुरीला सांगितलं. फेस काठाशी आला.

बाहेर धापूबाई खो खो हसत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ह्यांना कळत होतं, ते हसत नव्हते.

हे दावं घेऊन आत आले. बादली पाहिली. दावं खुंटीला अडकवलं.

"राहू दे म्हैस," म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. "एवढा घोरतो मी?"

नंतर गोठ्यात आणखी दोन म्हशी आल्या. म्हैस घेताना लोक दात बघतात, कास बघतात. मी तेही बघते आणि आधीची मालकीण काय बोलायची तेही विचारून घेते. माणसांत अजून माझं तोंड उघडत नाही. धारेच्या वेळी मात्र हे गोठ्याच्या दाराशी स्टूल टाकून बसतात. घरात काय चाललंय ते इथेच कळतं म्हणतात.

निळी साडी मी आता सणालाच नेसते. दर वेळी "बरी दिसतेस" ऐकायला मिळतं.