फुफाट्यातली मोठी

जीप सुरू करण्याआधी मोठी पदराचं टोक दातांत धरायची. मग मळा येईपर्यंत, नाहीतर कारंज्याचा बाजार येईपर्यंत, तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. धूळ तोंडात जाऊ नये म्हणून ती तसं करायची, एवढंच. पण आमच्या कामरगावात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाया तिला तशी जाताना पाहायच्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते माझ्याकडे पाहून कधी उमटलं नाही. मी तिच्या शेजारीच बसलेली असायचे. माझ्याही तोंडावर पदर असायचा.

मोठी म्हणजे माझी जाऊ. घरात तिला सगळे मोठी म्हणत आणि मला लहानी. आमचा भाजीचा मळा गावापासून थोडा दूर, नाल्यापलीकडे. वांगी, टमाटे, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. नाल्यात उतरायला घसरडा उतार आणि पलीकडे काळ्या मातीचा उभा चढ. टेम्पोवाले तिथे यायला नाही म्हणत, म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चारही चाकांना जोर लागणारी एक जुनी जीप घेतली होती. माझे यजमान ट्रॅक्टरवर असायचे. भाऊजींना, म्हणजे मोठीच्या नवऱ्याला, गाडीत बसलं की झोप लागायची, मग स्टिअरिंग त्यांच्याच हातात का असेना. म्हणून आबांनी मोठीला कापणी झालेल्या शेतात जीप शिकवली आणि किल्ली तिच्याकडे दिली. हे माझ्या लग्नाआधीचं.

आता माझं दुःख ऐका. मी वाशीमकडच्या मालेगावची. माझ्या बाबांची मालेगाव ते वाशीम काळीपिवळी जीप होती, शिटा, म्हणजे प्रवासी, वाहणारी. मी अक्षरं गिरवायच्या आधी गियर ओळखायला लागले. लग्नात माझ्याकडे लायसन्स होतं. मला वाटलं होतं, सासरी गेले की लोक तोंडात बोटं घालतील, सून जीप चालवते म्हणून. आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या यजमानांनी मला मोठ्या कौतुकानं अंगणात नेऊन सांगितलं, की आमची वहिनी जीप चालवते, चल, दाखवतो. मी पाहिलं. क्लच सोडताना तिचा पाय किंचित अडखळत होता. ते मला दिसलं आणि फार बरं वाटलं. पण तेवढ्यावर किती दिवस काढणार?

घरात कुठलीही गोष्ट विकत घ्यायची झाली की मोठीचा एकच प्रश्न असायचा, "कोण्या कामाले?" प्रेशर कुकर असो, फवारणीचा पंप असो, आबांच्या चपलांचा जोड असो. दुकानदारानं पाच गुण सांगितले तरी ती ऐकून घेऊन पुन्हा तेच विचारायची. तिच्या या प्रश्नाचं घरात एवढं वजन होतं, की आबासुद्धा कारंज्याहून काही आणलं तर पिशवी उघडायच्या आधीच ते कोण्या कामाचं आहे ते सांगून टाकायचे. मी एकदा चहाचे नवे कप आणले. मला कोणी काही विचारलं नाही. मी कप आणले काय आणि न आणले काय, घराला त्याचा फरक पडत नव्हता.

एके वर्षी जीप दम टाकू लागली. नाल्याचा चढ चढताना मागून काळा धूर निघायचा आणि टमाट्याची कॅरेट भरलेली असली की मध्येच थांबायची. मोठीनं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा होता. खाली वाटीत तेल, आत येणारी हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. उभ्या चढावर जीप तिरपी झाली की तेल सांडून इंजिनकडे जात होतं. फिल्टर बदलायला पाहिजे, असं ती रात्री जेवताना म्हणाली.

हा माझा विषय होता. मी लगेच सांगितलं, की तेलाचाच ठेवा, तेल थोडं कमी भरा. माझ्या बाबांनी जन्मभर तेलाच्या फिल्टरवर गाडी चालवली आणि इंजिनला कधी हात लावावा लागला नाही. मोठीनं घास खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या बाबाची जीप डांबरी रोडवर चाले, लहानी. आपली नाल्यात उतरते."

ती हे टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर मला भांडता आलं असतं. आबांनी मान हलवली, भाऊजींनी मान हलवली, आणि आमच्या यजमानांनीही हलवली. त्या रात्री मी त्यांच्याकडे पाठ करून झोपले.

पण यजमान कामी आले. त्यांनी मोबाईलवर डोंगरात उड्या मारणाऱ्या जीपांचे व्हिडिओ पाहिले आणि कापडी फिल्टर मागवला. बाहेरून तसाच उघडा, शंकूसारखा, लाल रंगाचा. धुवायचा, तेलाचा हलका हात द्यायचा, पुन्हा लावायचा, जन्मभर पुरतो म्हणे. मला त्यातलं काही पटलं नव्हतं. बाबा असल्या गोष्टीला खेळणं म्हणाले असते. पण तो मोठीनं निवडलेला नव्हता, आमच्या खोलीतून निघालेला होता, म्हणून मी त्याची बाजू घेतली आणि चांगली रेटून घेतली. मोठीनं नेहमीचं विचारलं. यजमान म्हणाले, जास्त हवा घेते, पिकअप वाढते. ती म्हणाली, लावून पाहू.

खरंच पिकअप वाढला. चढ एका दमात पार झाला आणि आवाज तर असा घुमायचा की बसस्टँडवरची पोरं वळून बघायची. ते काही दिवस मी फार सुखात होते. बाजारातून परत येताना मी मुद्दाम त्या आवाजाचं कौतुक करायचे आणि मोठी दातांत पदर असल्यामुळे काही बोलू शकायची नाही.

मग सोयाबीनची मळणी आली. रस्त्यानं हा फुफाटा, वावरात थ्रेशर चालू, कुटाराचा भुसा हवेत. जीप दिवसभर त्यातच. एका संध्याकाळी मोठीनं बॉनेट उघडून फिल्टर काढला आणि त्याच्या मागच्या नळीत, जिथं साफ झालेली हवा जाते तिथं, बोट घालून आतून फिरवलं. बोट बाहेर काढून तिनं ते उजेडात धरलं. बोटावर पिठासारखी बारीक धूळ होती. यजमानांनी पाहिलं, मी पाहिलं. तिनं अंगणातल्या नळावर बोट धुतलं आणि स्वयंपाकाला लागली. कुठलीही गोष्ट ती अशीच बोट लावून पाहायची; वरणाचं मीठ, पोराच्या कपाळाचा ताप, ओल्या मातीचा वाफसा. आणि तिचं बोट खोटं बोलत नाही, असा घराचा समज होता. मला त्या बोटाचाही हेवा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी ती मालेगावला जाऊन कागदी फिल्टर आणि त्याचा बंद डबा घेऊन आली. माझ्या माहेरच्या गावी जाऊन, आणि मला न घेता. वेल्डरकडून तिनं हवेच्या तोंडावर ट्रॅक्टरला असते तशी काचेची वाटी बसवून घेतली, म्हणजे जाड भुसा वाटीतच पडेल आणि कागदाला बारीक धूळच धरावी लागेल. कागद खराब झाला की फेकायचा, नवा घालायचा. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, तेच तर सहन होत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी आम्ही दोघी मिरची घेऊन मळ्यातून निघालो. वर कुठेतरी पाऊस झाला असावा, नाला रोजच्यापेक्षा भरलेला होता. मी म्हटलं, ताई, थांबू या. मोठीनं पदर दातांत धरला आणि जीप पाण्यात घातली. मधोमध आलो तेव्हा पाणी बॉनेटवर उसळलं. इंजिननं एक आचका दिला आणि बंद पडलं. पाणी पायाशी आत आलं. मोठीनं पदर सोडला आणि तिचा हात किल्लीकडे गेला.

मी तिचं मनगट धरलं. "ताई, चावी फिरवू नोका. हवेच्या तोंडातून पाणी गेलं आहे आत. फिरवली त इंजिन फुटते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिनं किल्ली सोडून माझाच हात घट्ट धरला. मोठीला घाबरलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"मंग काय करू?" तिनं विचारलं.

तिनं मला काही विचारलं, असं ते पहिल्यांदा. मी उतरले. पाणी मांडीपर्यंत होतं. पलीकडच्या काठावरून दोघं-तिघं माणसं आली, आम्ही सगळ्यांनी मिळून जीप ढकलत बाहेर काढली. मी डबा उघडला. कागदी फिल्टर भिजून लगदा झाला होता. बाबा एकदा वाशीमच्या रस्त्यावर पुलाच्या पाण्यात अडकले होते तेव्हा त्यांनी काय केलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. गावातल्या मेकॅनिकला बोलावलं, त्याला इंजिनचे नोझल काढायला लावले, आणि ते काढल्यावरच किल्ली फिरवू दिली. आतलं पाणी त्या भोकांतून फवाऱ्यासारखं बाहेर उडालं. दुपारी जीप सुरू झाली.

घरी आल्यावर मोठीनं ओल्या साडीनंच आबांना सांगितलं, "इंजिन लहानीनं वाचवलं. मी त फोडून राह्यली होती."

मला वाटलं, आता तरी. आबांनी तिला आधी टॉवेल दिला. मग भाऊजींकडे पाहून म्हणाले, की पाहा, आपली चूक अशी भर अंगणात सांगायला केवढं मोठं मन लागतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन घरांत मोठीच्या मनाची चर्चा झाली. मांडीपर्यंत पाण्यात उभी होते मी, आणि मोठी झाली तीच. मी चुलीपुढे बसून भाकरी थापली ती जरा जोरातच थापली. मोठी आत आली, माझ्या हातातली परात काढून घेतली आणि म्हणाली, उद्या वेल्डरकडे जायचं आहे, हवेचं तोंड कुठे घ्यायचं ते तू सांग.

दुसऱ्या दिवशी वेल्डरकडे मी हवेची नळी जीपच्या समोरच्या काचेच्या बाजूनं वर, छतापर्यंत न्यायला सांगितली. डबाही उंच घेतला. वेल्डर प्रत्येक वेळी मोठीकडे बघून खात्री करायचा आणि मोठी प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवायची. फिल्टर कागदीच ठेवायचा, हे मात्र आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं. येताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारी बसली. मी क्लच इतका अलगद सोडला की जीप हलल्याचं कळलं नाही. तिच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "मले जमत नाही असं."

मोठी किन्हीराजाची. एकुलती एक. तिच्या वडलांना लकवा झाला, शेत पडून राहायला लागलं, तेव्हा ती आणि भाऊजी तिकडे राहायला गेले. आबांनी जीप घेऊन जायला सांगितलं. ती म्हणाली, तिथं नाला नाही, तिथं कोण्या कामाले? तिच्या जाण्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. मला त्यातही वेगळंच खुपलं. माझ्या बाबांनंतर भावानं काळीपिवळी विकली आणि माहेरी माझी वाट बघणारं एक इंजिनही उरलं नाही. आणि हिचं माहेर, हिला हाक मारून परत बोलवत होतं.

आता जीप मीच चालवते. फिल्टर मीच पाहते, मळणीच्या दिवसांत दर आठवड्याला. मेकॅनिक मला विचारल्याशिवाय पाना लावत नाही. जे हवं होतं ते सगळं मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

या उन्हाळ्यात आम्ही किन्हीराजाला गेलो. मोठी वाळली होती, पण चांगली दिसत होती. तिनं जुनी पिकअप घेतली आहे, संत्री न्यायला. ती बाहेरून येतच होती. गाडी तिची चुलतभावजय चालवत होती, माझ्याहून बरीच लहान, गोरी, हसरी. मोठी बाजूला बसून तिला वळण सांगत होती. गाडी थांबल्यावर ती मुलगी खाली उतरली, मला नमस्कार केला आणि बॉनेट उघडून फिल्टरचा डबा दाखवायला लागली. नळी आतून बोटानं कशी पाहायची, पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली का फिरवायची नाही, सगळं घडाघडा सांगत होती. "आक्कानं शिकवलं मले," ती म्हणाली, आणि मोठीच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली.

मोठी हसत माझ्याकडे पाहत होती. मी काय म्हणते याची वाट पाहत होती. मी म्हटलं, छान आहे.

जेवण झालं. निघताना मोठीनं गाडीत संत्र्यांची पिशवी ठेवली, पोरांसाठी लाडू दिले, पुन्हा ये म्हणाली. ती मुलगी तिच्या मागे होतीच. यजमानांनी रस्त्यात दोनदा विचारलं, काहून गप्प हाये. कामरगाव येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.