अम्मीचा होकार

परवा आमच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये निकाह झाला... माझ्या अम्मीचा! अम्मी बावन्न वर्षांची. अब्बूंना जाऊन नऊ वर्षं झाली.

नवरदेव रशीदचाचा, आमच्याच सोसायटीतले, बेलापूरच्या ऑफिसातून रिटायर झालेले. पुढाकार मी आणि बायकोनेच घेतला. आम्ही दोघं कामावर गेलो की अम्मी दुपारी एकटी जेवायची, ते बघवत नव्हतं.

मला वाटलं, वली मीच होणार. वली म्हणजे नवरीच्या बाजूने निकाह लावून देणारा. मी तर नवा कुर्तासुद्धा शिवून घेतला... मौलानासाहेब हसले. म्हणाले, आपल्या शाफई पंथाच्या लोकांत मुलगा वली होत नाही, वडील नसतील तर भाऊ लागतो.

झाली पंचाईत! मामू म्हसळ्याला, आणि बातमी कळल्यापासून त्याने आमचा फोनच घेतला नव्हता. या वयात हे काय, गावात तोंड कसं दाखवू... एवढं मामीकडून कळलं.

मौलानासाहेब म्हणाले, नाहीच आला तर काहीतरी मार्ग काढू. पण अम्मीने साफ सांगितलं, सख्खा भाऊ रुसलेला असताना मला निकाह नको. मी जाम भडकलो होतो मामूवर.

शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतरची वेळ ठरलेली. नमाज झाली, सगळे येऊन बसले, मामूचा पत्ता नाही. अम्मी निकाहसाठी नेसलेली साडी बदलून टाकायला उठली... आणि बेल वाजली.

दारात मामू. माझ्याकडे न बघता तडक अम्मीच्या खोलीत गेला. तिच्यासमोर बसून विचारलं, निकाह लावू का? अम्मीने खाली बघून नुसती मान हलवली.

"आपा, मान नको हलवूस," मामू म्हणाला. "पहिल्या वेळी तू गप्प होतीस, तोच आम्ही होकार धरला. आता तोंडाने सांग."

पहिल्या लग्नाला मुलीचं गप्प बसणं चालतं, पण विधवेने बोलूनच सांगावं लागतं... हे मला तेव्हा कळलं.

अम्मीने वर बघितलं. "हो. मला रशीदसाहेबांशी निकाह करायचाय. तू लावून दे."

मामू रडला. मग मीही रडलो, नव्या कुर्त्याच्या बाहीला नाक पुसत.

आजवर अम्मीला आमच्याच आवडीनिवडी विचारताना ऐकलं होतं. स्वतःला काय हवंय, हे ती परवा पहिल्यांदा मोठ्याने बोलली... कारण मामूने तिला ते बोलायला लावलं. मामू, भडकलो होतो त्याबद्दल माफ कर.