सगळ्यांचा एक जून

प्रश्न विचारण्याच्या बाबतीत त्या पोरीच्या जवळपास फिरकेल असा माणूस सबंध अंबडमध्ये नसेल. पंचवीस वर्षं मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतेय. साहेब पाहिले, युनियनवाले पाहिले, चोरी झाली तेव्हा पोलीससुद्धा पाहिले. पण पोलीस विचारतात आणि उत्तर संपायच्या आत पुढच्या माणसाकडे वळतात. ही विचारायची आणि ऐकत बसायची. तुमचं बोलणं संपलं तरी पेन हातात धरून बसायची, अजून काही उरलं असेल तर म्हणून.

ती सटाण्याकडची. नाशकातल्या कुठल्याशा मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकत होती आणि शिक्षणाचं शेवटचं वर्ष तिला आमच्या कंपनीत एचआरमध्ये काम करून काढायचं होतं. जुलैत आली, पुढच्या जूनअखेर जायची. जाताना साहेबांनी तिच्या रिपोर्टवर सही केली तर पास, नाहीतर वर्ष वाया. एचआर म्हणजे काय ते मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, माणसांचं काम. मी म्हटलं, मग यंत्रांचं काम करणाऱ्यांना निदान मोजायला पट्टी तरी असते, तू काय घेऊन आलीस? तिने खांद्यावरच्या पोत्याएवढ्या बॅगेतून छापील फॉर्मचा गठ्ठा काढून दाखवला.

त्या गठ्ठ्यातला पहिला फॉर्म माझ्यावर पडला. पोळ्यांच्या टेबलाजवळ उभी राहून ती सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर जेवायची, आणि जेवता जेवता विचारायची. मावशी, कामात समाधान आहे का? मावशी, वरिष्ठ तुमचं ऐकतात का? मी म्हटलं, माझा वरिष्ठ हा गॅस आहे आणि तो कुणाचं ऐकत नाही. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी सांगितलं, एक तर याच टेबलाशी, नाहीतर अमरधामात. तेही लिहिलं. वर म्हणाली, "दोन्हींपैकी पहिलं कशावर अवलंबून आहे?" अशा माणसाशी काय बोलणार. तिच्या ताटात मी आणखी एक पोळी टाकली.

आमच्याकडे भाजी चिरणारी एक मुलगी लग्न ठरलं म्हणून काम सोडून चालली होती. हिने तिला रीतसर खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि गंभीरपणे विचारलं की तुम्ही थांबावं म्हणून कंपनीने काय करायला हवं होतं. ती मुलगी म्हणाली, नवरा अंबडचाच बघायला हवा होता. आम्ही पोटं धरून हसलो. ही मात्र हसली नाही. 'कंपनीपासून सासरचं अंतर' असं लिहून त्याखाली तिने रेघ मारली. गळ्यातलं ओळखपत्र ती रविवारीसुद्धा काढत नसे. एकदा बाजारात भेटली तर कोथिंबीर विकणाऱ्या बाईला 'तुम्हाला या जागेत काय अडचणी येतात' विचारत उभी. त्या बाईने सांगितलं, सध्या तू.

पण अशा या पोरीने फेब्रुवारीत एक गोष्ट करून दाखवली. वाढदिवसाला कामगाराला अर्धा दिवस सुट्टी मिळावी असं तिने कागदावर मांडलं आणि साहेबांकडून मंजूर करून घेतलं. साहेब कडक, पण कंजूष नव्हते. नोटीस लागली. फेब्रुवारीत चारपाच पोरं दुपारी घरी गेली, मार्च-एप्रिलमध्येही तसंच. सगळे तिला 'एचआरताई' म्हणू लागले. ती पोरं तरुण होती. दवाखान्यात जन्मलेली, तारखेसकट जन्मलेली. हीसुद्धा तशीच जन्मलेली. त्यामुळे जुन्या माणसांचं काय, हे तिच्या लक्षात आलं नाही आणि आम्ही काही ते सांगितलं नाही.

आमच्या वेळी वडील बोटाला धरून शाळेत नेत. मास्तर म्हणत, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. हात कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग मास्तर जन्मतारीख लिहीत, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून जन्मही जूनमध्ये. माझा कान पहिल्या वर्षी हाताला लागला नाही, म्हणून मी दुसऱ्या वर्षी गेले. चौथीपर्यंत शिकले. पण जन्म एक जूनचाच. मशीन शॉपमधले फिटर, गेटवरचे वॉचमन, स्टोअरवाले, रंगखात्यातले, जो कुणी चाळिशी ओलांडलेला तो एक जूनचा.

मे संपता संपता अर्ज आले. पेटीत मावेनात म्हणून सुपरवायझरने ते माझ्या पिठाच्या डब्यात भरून वर पाठवले. एक जूनला दुपारी एक वाजता अर्धी कंपनी हात धुऊन, भांग पाडून एकमेकांना शुभेच्छा देत गेटबाहेर पडली. मशिनं बंद. माल भरायला आलेला ट्रक रिकामा परत गेला. मी दोनशे पोळ्या लाटून बसले होते, त्या संध्याकाळी गाईला घातल्या. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की तीस जूनपर्यंत हा गोंधळ निस्तर, सगळ्यांच्या खऱ्या तारखा आण, नाहीतर सही विसर. पुण्यातली एक नोकरी तिला जवळजवळ मिळाली होती. पण ती जुलैत पास झाल्याचा कागद दाखवला तरच.

कुणीही रडलं असतं. तिने नवी वही घेतली. तारीख कुणाला माहीत नव्हती, म्हणून ती तारीख विचारतच नसे. आईला विचारा, म्हणायची, तुमच्या वेळी घरात काय चाललं होतं? मग कुणाची आई कुरडया घालत होती, कुणाच्या शेजारी हळद लागली होती, कुणी नागपंचमीचा, कुणी घट बसले त्या दिवशीचा. ज्यांच्या आया गावाकडे होत्या त्यांच्याकडे ही सुट्टीच्या दिवशी एसटीने जायची. विंचूरला गेली, येवल्याला गेली. एका म्हातारीने तिला पैठणीच्या मागावर बसवून अर्धा दिवस स्वतःच्या सहाही बाळंतपणांची हकिगत सांगितली, ती हिने सगळी ऐकली. ज्याला काहीच सापडलं नाही त्याने मनाला येईल तो सण घ्यावा, फक्त एक जून सोडून, असं ठरलं. आमच्या एका फिटरने पोळा घेतला. त्याची बायको म्हणाली, बरोब्बर निवडला.

माझी मोठी बहीण सटाण्याजवळ असते. तिच्याकडेही ही जाऊन आली. सोमवारी पोळ्यांच्या टेबलाशी येऊन तिने बहिणीचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले: "आखाजीना दुसरा दिन व्हता. झोका बी सोडेल नव्हता, तवय ही उनी." म्हणजे अक्षयतृतीयेचा दुसरा दिवस, झाडाचा झोका अजून उतरवलेला नव्हता, आणि मी आले. मी लाटणं खाली ठेवलं नाही. फक्त विचारलं, साल सांगितलं का तिने? ती म्हणाली, "सांगत होत्या. मी नेमकी तेव्हा पाणी प्यायला उठले, मावशी."

कॅन्टीनच्या ठेकेदाराकडे साठीपुढचं माणूस ठेवत नाहीत. माझं कागदावरचं वय आणि गुडघ्यांचं वय यांत फरक आहे. तिला तो कळला होता.

तीस जूनला मी साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेऊन गेले तेव्हा ती समोर उभी होती आणि वही टेबलावर उघडी होती. साहेब खूश दिसत होते. म्हणाले, काम चांगलं झालंय, आता प्रत्येकापुढे साल लिही आणि सहीला आण. कागदावरच्यापेक्षा कोण म्हातारं आहे ते एकदा कळू दे, माणसं कमी करायचीच आहेत. मी कप ठेवला आणि उगीच टेबल पुसत राहिले.

ती म्हणाली, "साल नाही लिहिणार, सर. सगळे दिवस तिथीचे आहेत. दर वर्षी कॅलेंडर बघायचं, साल लागतच नाही."

साहेबांनी विचारलं, सही पाहिजे ना? ती म्हणाली, पाहिजे. पण मी त्यांना वाढदिवस विचारला होता, वय नाही विचारलं. साहेबांनी तिचा रिपोर्ट बाजूला सारला. टेबल इतकं स्वच्छ झालं होतं की आणखी पुसलं असतं तर पॉलिश निघालं असतं. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं:

"सर, एक राहिलंच. रेकॉर्डला तुमचाही एक जूनच आहे. तुमच्या आईंना विचारायला कधी येऊ?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग रिपोर्ट ओढून घेऊन सही केली, शिक्काही स्वतःच मारला, आणि चहा न पिता राउंडला निघून गेले. ती बाहेर येऊन मला म्हणते, मावशी, सरांनी दिवस सांगितलाच नाही, एवढी एक जागा रिकामी राहिली. तिने ते भाबडेपणाने विचारलं होतं की पक्कं ठरवून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. चेहऱ्यावरून कळेल अशी ती पोरच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. येणार नव्हतीच. तिच्या जागी आता एक मुलगा बसतो, त्याच्या मोबाइलवर सगळे फॉर्म आहेत, आणि तो जेवताना काही विचारत नाही. त्या वहीवरून तिने केलेली वाढदिवसांची यादी अजून कॅन्टीनच्या भिंतीवर आहे. तेलाच्या वाफेने पिवळी पडली आहे, पण वाचता येते. पोळ्याच्या दिवशी तो फिटर दुपारी घरी जातो आणि सगळे त्याला शिंगं रंगवलीस का विचारतात.

यंदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी पुण्याहून तिचा फोन आला. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, काही नाही, मावशी, झोका सोडला का? मी तिला सांगितलं की इथे माझ्या पोळ्या करपतायत, तुला कामं नाहीत का, ठेव फोन. तिने ठेवला.

पोळ्या करपत नव्हत्या. त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली होती आणि घराच्या पायरीवर बसले होते.