शीतलेच्या दिवशी फोडलेला आवा

धापूच्या पाठीवर पुन्हा मुलगी नको म्हणून बापाने तिचं नाव धापू ठेवलं. धापू म्हणजे आता पुरे झालं. आमच्या वाळवंटात अशा नावाच्या बाया गावोगाव आहेत. पण धोरासरच्या या कुंभारणीला पुरे म्हणणं कधी जमलं नाही. माती तुडवायला ती, गाढवं हाकायला ती, नवऱ्याशी भांडून गावात येऊन हसायलाही तीच.

होळीनंतरच्या अष्टमीला शीतलामातेच्या ठाण्यावर बसायचा मानही तिचाच. मातेच्या अंगाची आग पूर्वी एका कुंभारणीने गार पाणी ओतून, राब म्हणजे ताकातली बाजरीची पेज पाजून निववली, म्हणून पूजा कुंभाराघरी. त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवत नाही. आदल्या दिवशी रांधलेला दहीभात, बाजरीच्या भाकरी, केर-सांगरीची भाजी मातेला दाखवायची आणि तेच गार खायचं. ढाण्याढाण्यांवरून, रानातल्या वस्त्यांवरून बाया गात येतात, बांगड्यांची दुकानं लागतात, आणि चहा न मिळालेले पुरुष खेजडीच्या झाडाखाली तोंडं पाडून बसतात.

त्या वर्षी अष्टमीला पहाटेपासून उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. ठाण्यापुढे रांग लागली होती. तेवढ्यात हरकू जाटणी रांग मोडून धावत आली. हातात नैवेद्याचं ताट, ओढणी खांद्यावर घसरलेली.

"धापू, माझी सून इमरती मोकळी झाली. मुलगा झालाय."

"मग रडतेस कशाला? गूळ वाट!"

"दिवस भरायच्या आतच आलाय गं. नुसता गारठलाय. आईच्या छातीशी धरला तरी ऊब धरत नाही. सुईण म्हणते शेक हवा, चूल पेटव. पण आज कशी पेटवू?"

हरकूने गेल्या अष्टमीला शहराकडच्या पाहुण्यांसाठी चहा टाकला होता, आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिची थोरली नात गोवरात गेली. कुणी तोंडावर बोललं नाही, पण त्या चहानेच माता कोपली असं हरकू स्वतःच मनात धरून बसली होती.

"तूच मातेला विचार," ती म्हणाली. "पेटवली तर ती याला नेईल, नाही पेटवली तर गारठा नेईल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "रीत ती रीत."

धापूने मातेकडे पाहून हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि उठली. "रीत मोडायची नाही. काडीही ओढायची नाही. चल माझ्याबरोबर."

ती गेली ती थेट घरामागच्या आव्याकडे. परवा लावलेली भट्टी. जाळ केव्हाच विझला होता, पण राखेखाली पोटात धग होती. धापूने फावडं उचललं तसा तिचा नवरा मूळाराम खेजडीखालून ओरडत आला.

"अगं ए, वेड लागलं काय? आवा उद्या उघडायचाय! आता वारा लागला तर मडकी तडकतील. आखातीजेच्या सणाला गावाला नवी मडकी म्हणून काय देऊ, खापऱ्या?"

"खापऱ्या दे. मी सांगेन, या माणसाला घडवताच येत नाहीत."

"वर्षभराची मेहनत आहे माझी!"

"आणि तिथे आठ महिन्यांची आहे. बाजूला हो, नाहीतर हातभार लाव."

मूळाराम शिव्या देतच वाकला आणि आव्यावर झाकलेल्या खापऱ्या दूर करू लागला. आत टणाटण आवाज येऊ लागले. एकेका आवाजाला तो कपाळावर हात मारत होता. पण शाबूत गाडगी त्यानेच निवडली, कोमट राख भरली, गोणपाटात गुंडाळली.

हरकू अजून लांबच उभी होती. "धापू, ऊबही आगच ना गं? मातेला तर गारवा लागतो."

"वर बघ," धापू म्हणाली. "सूर्य आज सुट्टीवर गेलाय का? मातेला पेटलेली चूल नको, पण लेकराची ऊब नको असं तिनं कधी म्हटलंय?"

हरकूने एक गाडगं छातीशी धरलं आणि चालू लागली.

इमरतीच्या खाटेवर पोराच्या दोन्ही अंगांना आणि पायांशी गाडगी ठेवली. धापूने तळहाताने प्रत्येकाची ऊब पाहिली आणि एक जरा लांब सरकवलं. निवलं की मूळाराम दुसरं आणून देत होता. हरकू भिंतीशी बसून मातेचं नाव घेत होती. सूर्य छपरावर आला तेव्हा पोराचे ओठ गुलाबी झाले, आणि मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज काढून ते आईला शोधू लागलं. सुईण हसली. "आता भुकेला ओरडतोय, थंडीला नाही."

दुपारी धापू पुन्हा ठाण्यावर येऊन बसली, कोपरापर्यंत काळी.

"अगं, हात तरी धू!" एक म्हातारी म्हणाली. "मातेला असा नैवेद्य दाखवतात?"

"मातेचं वाहन गाढव आहे, आजी. ते रोज माझ्याच राखेत लोळतं. तिला सवय आहे." सगळ्या हसल्या. तरी धापूने तांब्या मागून हात धुतलेच.

हरकूही आपलं ताट घेऊन आली. तिने दहीभात ठेवला, डोकं टेकलं आणि बराच वेळ उठलीच नाही. मग हळूच म्हणाली, "रागावली नसेल ना गं?"

"रागवायचं असतं तर तुझ्यासाठी आव्यात धग राखून ठेवली असती का तिनं?" धापू म्हणाली. "सरक आता. मागच्या बाया केव्हाच्या उभ्या आहेत."