झाल्यावर लिहायची बातमी

सहामाहीचे पेपर संपले की दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दिवस शाळेत सगळ्यांनाच नकोसे असत. शिकवायचं संपलेलं, निकाल लागायचा राहिलेला. बाहेर भाताची कापणी चालू असे. रोज कोणी ना कोणी दारात येऊन आपलं मूल मागून नेई. उरलेली मुलं बसकरपट्टीवर चुळबुळत राहत आणि बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत.

शाळा धसईच्या पुढच्या एका गावात होती. दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. बाई मुरबाडहून एसटीने येत. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती आणि मी चौथीत होते.

त्या वर्षी बाईंनी चुळबुळीवर उपाय म्हणून भित्तिपत्रक काढायला घेतलं. माझे वडील मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी येताना वर्तमानपत्र आणत. त्यातला एक जुना अंक मी शाळेत नेला. बाईंनी तो उलगडून मथळा कोणता, बातमी कुठे सुरू होते, ती कोणी दिली हे कुठे लिहिलेलं असतं, ते दाखवलं. मग फळ्यावर तीन नियम लिहिले. पाहिलं असेल ते लिहा. ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. व्हायचं असेल ते झाल्यावर लिहा.

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. एकाची म्हैस व्यायली होती. रेडा झाल्यामुळे घरातले नाराज होते, तेही त्याने लिहिलं होतं. एकीच्या आईने धसईच्या बाजारात काकड्या नेल्या आणि अर्ध्या परत आणल्या. सोमवारी एसटी आली नाही, ही बातमी बऱ्याच जणांनी आणली. बाई म्हणाल्या, "ती माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे? धसईपासून चालत आलेय मी."

मागच्या पट्टीवरचा एक जण म्हैसवाल्याला म्हणाला, "तुझी म्हैस पेपरात आली. तू कधी येशील रे?"

"म्हशीनं काहीतरी केलं तरी. तू काय केलंस?"

माझ्या शेजारी बसणारी मुलगी गावाच्या कडेला असलेल्या वाडीतली होती. ती माझ्यापेक्षा मोठी होती, कारण तिसरी तिने दोनदा केली होती. दिवाळीनंतर तिचे आईवडील भिवंडीकडे वीटभट्टीवर जात. पहिल्या खेपेला त्यांनी तिला बरोबर नेलं. ते विटा थापत आणि ही तान्ह्या भावाला सांभाळी. परत आली तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षी वडिलांचा पाय मोडला, घर हललं नाही आणि ती तिसरी पास झाली. यंदा पाय बरा होता. भाऊ पळायला लागला होता, म्हणजे आता त्याच्यामागे धावायला माणूस हवं होतं. चौथी झाली तर पाचवीला धसईची शाळा. चौथी राहिली तर पुन्हा हीच पट्टी. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं होतं, तक्रार न करता.

तिची धाकटी बहीण दुसरीत होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती आमच्या दारात येऊन उभी राही. ही भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवी. दोघी फारसं बोलत नसत.

तिने आणलेली बातमी अशी होती: दिवाळी झाली की वाडीतली माणसं भट्टीवर जातील. ट्रक येईल.

बाईंनी विचारलं, "हे झालंय का?"

"नाय."

"मग गेल्यावर लिही."

"गेल्यावर मी इथं नसंल, बाई."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. पण नियम त्यांनीच केलेला होता, त्यांनी कागद परत दिला. दिवसभर ती त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिली. माझं गणितात लक्ष लागेना. शेवटी मी तिला म्हटलं, "ठेव ना तो." तिने तो पाटीखाली सरकवला आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद आणला. "चौथीतली एक मुलगी यंदा भट्टीवर जाणार नाही. ती आजीजवळ वाडीत राहील व वार्षिक परीक्षेला बसेल, असे आजीने सांगितले."

"तुझ्या बाबांनी ठरवलं का हे?" बाईंनी विचारलं.

"आजी बोलली."

"पण हेसुद्धा व्हायचंच आहे अजून."

"ऱ्हायचंय ते व्हायचंय. आजी बोलली ते झालंय."

बाईंनी वळून फळ्यावरचे नियम वाचले. दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग कागद माझ्याकडे देत म्हणाल्या, "लावा."

भित्तिपत्रक म्हणजे मोठा खाकी कागद होता. तांदळाच्या पिठाची खळ करून आम्ही बातम्या त्यावर चिकटवल्या. तिची बातमी म्हैस आणि एसटी यांच्यामध्ये आली. चिकटवताना मी हळूच विचारलं, "आजी खरंच बोलली?"

"बोलंल."

"कधी?"

"भिंतीवर आलं की."

कागद व्हरांड्यात लागला. सुट्टी लागायच्या दिवशी पालकांनी येऊन तो बघायचा होता. तोवर तिला एका जागी बसवेना. पाणी प्यायला जाते म्हणून उठे आणि कागदाचा कोपरा दाबून येई. रस्त्याने जाणारं कोणी व्हरांड्यात डोकावलं की दाराशी जाऊन उभी राही. बाई पहिल्यांदा रागावल्या, मग रागवायच्या थांबल्या. तिची चुळबूळ मलाही लागली. कोणाची चाहूल लागली की माझेही पाढे मध्येच अडखळत.

शेवटच्या दिवशी गावातले काही पालक आले. वाडीतलं कोणी येत नसे, कापणीची मजुरी बुडत असे. पण गुरुजी गुण सांगायला उभे राहत होते, तेवढ्यात तिचे वडील आले. शेतातून तसेच आले होते, हातात विळा होता. भाताच्या गिरणीवर त्यांना कोणीतरी पोरगी पेपरात आल्याचं सांगितलं होतं.

"बाई, आमचं काय लिवलंय म्हणं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "वाच."

मी वाचलं.

"परत वाच गो."

मी परत वाचलं.

त्यांनी मुलीला विचारलं, "आजी म्हंजे माझी आयस?"

"हां," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"मला तर काय बोलली नाय."

म्हैसवाल्याचे वडील शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "आता जाहीर झालं, बाबा. आमचा रेडा पण जाहीर झाला. आमी काय करतो?"

व्हरांड्यात हशा झाला. तिचे वडीलही हसले आणि मध्येच थांबले. बाई पुढे झाल्या. "चुकीचं असेल तर सांगा. खाली दुरुस्ती लावते. वर्तमानपत्रात तसंच करतात."

त्यांनी विळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पोराला कोण बघंल मंग?"

हे त्यांनी कोणाला विचारलं ते कळलं नाही. गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "परीक्षेपुरती राहिली तर चौथी होऊन जाईल तिची."

"ऱ्हाऊं द्या ते, खोडू नका," तिचे वडील म्हणाले. "आयशीला इचारतो."

ते निघाले तेव्हा पलीकडच्या खोलीतून धाकटी धावत आली आणि त्यांचं बोट धरून शेताकडे गेली. मोठी तिथेच थांबली. गुण ऐकायचे राहिले होते.

पुढे मी बरीच वर्षं बातम्यांच्या कामात काढली. रोजच्या अंकातल्या निम्म्या बातम्या व्हायच्या असलेल्या गोष्टींच्या असत: रस्ता होणार, पाणी येणार, बैठक बसणार. बाईंचा तिसरा नियम तिथे कोणी पाळत नसे. मला तो दर वेळी आठवे आणि मी बातमी पुढे पाठवत असे.

त्या दिवाळीत मात्र माझं कशात मन लागलं नाही. भाऊबीजेनंतर एका सकाळी ट्रकचा आवाज आला. मी रस्त्यावर पोचेपर्यंत तो वळणावर गेला होता. वर ताडपत्री होती, मागे हंडे आणि बांधलेल्या कोंबड्या, त्यामागे डोकी. कोणाची ते ओळखता आलं नाही. वाडी ओढ्यापलीकडे होती आणि मला एकटीला तिकडे सोडत नसत. सुट्टीचे उरलेले दिवस मी घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करत घालवले. आई म्हणाली, "काय हरवलंय का तुझं?"

शाळा उघडली त्या दिवशी मी घंटेच्या आधीच पोचले. ती पट्टीवर आपल्या जागी बसलेली होती.

"ऱ्हायलीस?"

"ऱ्हायली."

"आजी बोलली मग?"

"बोलली. बा पण बोलला, पेपरात आलंय तर आलंय."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. तिने भाकरी काढली, मोडली आणि दाराकडे बघितलं. दारात कोणी आलं नाही. मी गुरुजींच्या खोलीकडे बघितलं. दुसरीची मुलं बाहेर पडली, हौदाकडे गेली, त्यांत तिची बहीण नव्हती. तिने भाकरीचे दोन्ही तुकडे परत फडक्यात बांधले.

मधली सुट्टी संपल्यावर बाईंनी भिंतीवरचा जुना कागद उतरवला. त्याचा एक कोपरा पालीने की उंदराने खाल्ला होता. नव्या सत्रासाठी नवा कागद लावायचा होता. त्यांनी खडू हातात घेतला आणि बातमी कोणाकडे आहे ते विचारलं.

ती उभी राहिली. "दुसरीतली एक मुलगी भट्टीवर गेली. भावाला सांभाळायला."

बाईंनी सवयीने विचारलं, "कोणी सांगितलं?"

"पाहिलं."

बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि पहिली ओळ लिहिली. न वळताच त्यांनी विचारलं, "परत कधी येणार ती?"

"ते झालं नाय अजून, बाई."

बाईंनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मग वर्गाला पाढे म्हणायला सांगितले. दिवाळीआधी आम्ही सतराच्या पाढ्यापाशी थांबलो होतो, तिथून सुरुवात केली.