वर मिळालेला डबा

आमच्या भागातल्या पाळीव प्राण्यांच्या एका दुकानदाराने मला फसवलं. मी त्याच्याकडून झाडावर राहणाऱ्या हिरव्या बेडकांची जोडी घेतली आणि त्याने वर अळ्यांचा डबा देऊन त्यांची तब्येत बिघडवली.

मार्केट यार्डात हमालीपासून सुरुवात करून मी कांदा-बटाट्याचा गाळा उभा केला. वर काही घेतल्याशिवाय मी सौदा सोडत नाही. दुकानदार किमतीवरून हलेना, तेव्हा म्हणालो, "मग वर काय देता ते बोला." त्याने पांढऱ्या, गुबगुबीत अळ्यांचा डबा पुढे ठेवला. "रोज द्या साहेब. मागतील तितक्या द्या." मी जिंकून घरी आलो.

अळ्यांची अशी चटक लागली की बेडूक त्यांच्या नेहमीच्या खाण्याकडे, रातकिड्यांकडे, बघेनात. डबा संपला की मी पुन्हा त्याच दुकानात. आता डबा विकत. दिवेलागणीला ते जागे होत आणि बायको चिमट्यात अळी धरून आग्रह करी, "घ्या हो, एवढी एकच." पाहुणा असो की बेडूक, आमच्याकडे कोणी अर्धपोटी उठत नाही. मादी पसरत गेली. डोळ्यांवर कातडीची जाड घडी उतरू लागली. मला वाटलं, बाळसं धरलंय.

डोळे झाकायलाच लागले तेव्हा तिला प्राण्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी तिला तळहातावर घेतलं. "हा बेडूक आहे की इडली?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "अहो, या अळ्या म्हणजे नुसती चरबी. रोज लाडू वाढताय तुम्ही. असंच चाललं तर हिला दिसायचं बंद होईल."

परतताना रिक्षात बायको म्हणाली, "वजन वाढवायला पाणी मारलेला कांदा लांबून ओळखता. हे नाही ओळखलंत?"

वजन हा माझा धंदा आहे. अळ्या त्याच दिवशी बंद केल्या. दोन-तीन दिवसांतून एकदा मोजके रातकिडे, कॅल्शियमची पूड लावून, तेही काचेच्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला. हवे असतील तर उडी मार. मादी रुसून बसली, बायकोही. मी दोघींना दाद दिली नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचो. आकडा हळूहळू खाली आला. नर पुन्हा काचेवर चढू लागला. मादीचा एक डोळा मोकळा झाला. दुसऱ्यावरची घडी अजून तशीच आहे. त्या बाजूने आलेला रातकिडा आरामात निघून जातो, तिला पत्ताही लागत नाही.

परवा त्या दुकानात गेलो. एका जोडप्याला तो तसाच डबा वर देत होता. मी म्हणालो, "घेऊ नका."

दुकानदार हसला. "साहेब, वर काहीतरी द्या, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. आजही म्हणेन. पण डब्यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं. चटक लागली की गिऱ्हाईक परत येतं, हेही माहीत होतं. माझं सोडा. माझ्या बेडकीच्या झाकलेल्या डोळ्याचं काय, ते या दोघांसमोर सांगा. उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."