जाहिरात बंद होती ते दिवस

माझा बिबड्यांचा धंदा आहे असं सांगितलं की पुण्याकडची माणसं आधी ‘म्हणजे काय’ विचारतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पसरून गच्चीवर वाळवायचा. बोटं भाजतात. जळगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच जळगावात माझा माल फारसा खपतही नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावी गेलेला खान्देशी माणूस. तो मला एका ॲपवरच्या जाहिरातीतून सापडतो. फाल्गुनात जाहिरात सुरू करायची, वैशाखात बंद.

जाहिरात म्हणजे अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात तोंड कुणाचंच दिसत नाही, दोन हात बिबडं पसरताना दिसतात. ते हात अक्कांचे. अक्का माझ्याकडे नऊ वर्षं काम करतात. शिरपूरजवळच्या खेड्यातलं बौद्ध कुटुंब. लग्न होऊन जळगावात आल्या. त्यांच्यासारखं कागदाइतकं पातळ बिबडं मला अजून जमत नाही, आणि हे त्या मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. त्यांची मुलगी शिरपूरला एका शाळेत शिक्षिका आहे, तिथेच खोली करून राहते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षिकांनी मिळून एक नाच केला. त्यातला फक्त या मुलीचा तुकडा कापून कुणीतरी एका पानावर टाकला. वर मजकूर असा की तो मी इथे लिहिणार नाही. खाली शेकडो लोकांनी तिच्या जातीवरून, चालीवरून जे लिहिलं, तेही नाही. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यांना तिच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. आम्ही तक्रारी केल्या. ॲपचं उत्तर आलं की यात आमच्या नियमांचा भंग होत नाही. पोलिसांत अर्ज दिला, एक पान बंद झालं, तोवर तोच तुकडा दुसऱ्या तीन पानांवर गेलेला. मुलीने शाळेत जाणं सोडलं आणि खोलीत बसून राहिली. तिने पुन्हा वर्गात उभं राहावं, एवढंच अक्कांना हवं होतं. दुसरं काही त्यांनी मागितलं नाही.

एका दुपारी अक्का तक्रार कशी करायची ते पुन्हा विचारत होत्या. त्यांच्या फोनवर तो व्हिडिओ मी लावला. तो संपला आणि त्याला चिकटूनच जाहिरात आली. ओलं कापड, त्यावर घाटा, आणि पसरणारे दोन हात.

‘‘ताई, हाई आपलीच शे ना?’’ अक्कांनी विचारलं.

मला इतका संताप आला की हातातला फोन फेकावासा वाटला. फोन अक्कांचा होता म्हणून वाचला.

तिथल्या तिथे मी जाहिरात थांबवली. मग आमच्या ग्रुपवर लिहिलं. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या छोट्या धंदेवाल्यांचा तो ग्रुप: कुणाचे कपडे, कुणाची शेव, कुणाचे केळीचे वेफर्स. ग्रुपचे म्होरके धुळ्याचे एक नाना, भांड्यांचे दुकानदार. मी लिहिलं, ‘हे व्हिडिओ उतरेपर्यंत माझी जाहिरात बंद. जमेल त्यांनी बंद करावी.’ नानांनी लगेच लिहिलं, ‘आपल्या लेकीचा प्रश्न आहे. बठ्ठा बंद.’ म्हणजे सगळ्यांचीच. अर्ध्या तासात पंधरा-सोळा जणांनी होकार दिला. मी अक्कांना एकेक नाव वाचून दाखवलं आणि अक्कांनी ती मुलीला फोनवर ऐकवली. त्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

बहिष्कार काय करू शकतो हे मी पाहिलेलं होतं. मी नवी सून असताना आमच्या गल्लीत पापड पाळीपाळीने व्हायचे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. एका बाईने दुसरीच्या मुलीबद्दल वाईट बोलून ठेवलं होतं. तिची पाळी आली त्या दिवशी एकही बाई गेली नाही. मीही नाही. बाई उडदाचं पीठ कुटून, सतरंजी अंथरून दुपारपर्यंत वाट बघत बसली. संध्याकाळी त्या मुलीच्या घरी स्वतः जाऊन आली. पुढे कितीतरी वर्षं ती कुणाबद्दल बोलताना आधी इकडेतिकडे बघायची.

मी त्या ॲपला ती बाई समजले. माझ्या डोक्यात ते कुठेतरी सतरंजी अंथरून बसलं होतं, आमची वाट बघत, दुपार कलेपर्यंत.

पहिल्या आठवड्यात ॲपचा निरोप आला: ‘तुमची जाहिरात थांबलेली आहे. पुन्हा सुरू करायची का?’ मला वाटलं, लागली झळ. नंतर कळलं की असा निरोप सगळ्यांनाच येतो, कुणी चुकून थांबवली असली तरी. का थांबवली, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला की आता तुमच्या भागात जाहिरात स्वस्त पडेल. याचा अर्थ लावायला मला दोन दिवस लागले. तिथे जागेचा लिलाव चालतो. आम्ही निघालो तशी बोली उतरली, आणि जे बाहेर होते ते आत आले. सुरतेकडच्या एका पापडवाल्याची जाहिरात मला माझ्याच फोनवर दिसायला लागली. पापड जाडजूड होते, तरी चालत होते.

मोठमोठ्या कंपन्यांनी असं केल्याचं मी पेपरात वाचलं होतं. द्वेष पसरवता म्हणून आम्ही जाहिराती काढतोय, अशी पहिल्या पानावर बातमी. त्या परत कधी गेल्या त्याची बातमी मात्र मी कुठेच वाचली नव्हती. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

व्हिडिओ तिथेच होते. वैशाख अर्धा सरला. माझ्या घरात डबे, पिंपं, पलंगाखालची जागा, सगळं बिबड्यांनी भरलं होतं. रोहिणी लागायच्या आत माल गेला नाही तर हवा ओलसर होते आणि बिबडी सादळतात. मग ती तळली तरी फुलत नाहीत. कामाला सहा बाया होत्या. त्यांना घरी बसवायची वेळ आली होती. मी मनाशी हिशेब मांडत होते की बंद ठेवून काही होत नाहीये, चालू करूनही काही बिघडणार नाही. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर जाऊन, जिन्याचं दार लोटून घेऊन, जाहिरात चालू केली. दार कशाला लोटलं? फोनवर एक बोट टेकवायचं होतं. पण लोटलं.

ग्रुपवर काही लिहिलं नाही. अक्कांनाही बोलले नाही. योग्य वेळ बघून सांगू, असं म्हणत आठ दिवस काढले. योग्य वेळ रोज दुपारी जेवताना समोर बसलेली असायची.

मालाला उठाव आला. अक्का पार्सलं बांधून त्यांवर पत्ते लिहायच्या. आठव्या दिवशी त्या पत्ता लिहिता लिहिता थांबल्या आणि वापीचा एक पत्ता मला मोठ्याने वाचून दाखवला. मग उल्हासनगरचा. मग इंदूरचा. जुनी गिऱ्हाइकं अक्कांना तोंडपाठ आहेत. कोण मिरची कमी मागतं तेही. हे सगळे नवे होते. नवं गिऱ्हाईक जाहिरातीशिवाय येत नाही, हे माझ्याइतकंच त्यांनाही माहीत होतं.

‘‘अक्का, मी चालू केलीय,’’ मी म्हटलं.

‘‘माले माहीत शे. आठ दिन व्हई ग्यात.’’

‘‘मग बोलल्या का नाहीत?’’

‘‘पोरनी सांगं, मावशीले काही बोलू नको. तिना बठ्ठा माल पडेल शे.’’

मुलीने जाहिरात पहिल्याच दिवशी पाहिली होती. ती रोज सकाळी स्वतःचा तो व्हिडिओ उघडायची, हे मला तेव्हा कळलं. स्वतःचा नाच बघायला नाही. त्याला चिकटून कुणाची जाहिरात येते ते बघायला. चाळीस दिवस आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांची आली नाही, आणि ती ते मोजत होती. त्याच दिवसांत, शाळेच्या सुट्टीआधी, ती वर्गावर परत गेली होती. अक्कांनी मला पेढा दिला तेव्हा मी त्याचं श्रेय तिच्या मुख्याध्यापकांना दिलं होतं. आणि मग एका सकाळी तिला तिच्या आईचे हात दिसले.

मला तिथेच रडू फुटलं. अक्कांनी मला रडू दिलं. मग पेन खाली ठेवून त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. गावाने त्यांच्या वस्तीवर बहिष्कार टाकला तेव्हा वडील नेहमीसारखे दळण घेऊन चक्कीवर गेले. ‘‘चक्कीवालानी वर पाहिलंच नही. कोनी सांगं नही का तुमनं दळन बंद शे. आम्हीच समजी लिधं.’’ तेव्हापासून अक्कांचं घर स्वतःच्या जात्यावर दळत राहिलं. चक्की पुन्हा उघडली तरी वडील कधी गेले नाहीत.

बहिष्कार वर्षानुवर्षं टिकतो तो असा. जोरावर असलेल्याने टाकला तर. आम्ही ज्याच्यावर टाकला त्याला आम्ही नाही हे कळलंच नव्हतं. ते एका मुलीला कळलं होतं, आणि माघार मी तिच्यापासून लपवली. अक्कांना राग माल विकल्याचा नव्हता. सुरू करताना चारचौघांत सांगितलं आणि संपवताना दार लोटून घेतलं, याचा होता. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला तेवढं कळतं.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ‘मी आठ दिवसांपूर्वी जाहिरात पुन्हा चालू केली. व्हिडिओ उतरलेले नाहीत. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.’ मग नानांचा फोन आला. ‘‘बाई, मी ते पंधरा दिनमाच चालू करी दिधी. तुले सांगाले लाज वाटे.’’ मला हसू आलं आणि नानांचा रागही आला. रात्रीपर्यंत आणखी सहा-सात जणांनी तेच लिहिलं. केळीच्या वेफर्सवाल्या बाईने मात्र चालू केली नव्हती, आणि अजूनही केलेली नाही. ती आता रेल्वे कॉलनीत दारोदार जाऊन विकते.

तेव्हापासून फाल्गुनात जाहिरात सुरू करायच्या आधी मी शिरपूरला फोन करते. ते तुकडे अजून कुठे कुठे निघतात. मी म्हणते, ‘‘उद्यापासून चालू करतेय गं,’’ आणि ती म्हणते, ‘‘करा मावशी.’’ गेल्या वर्षी तसंच झालं.

यंदा मी गच्चीवरूनच, स्पीकर लावून फोन केला. पहिला घाणा नुकताच पसरून झाला होता, कापडं ओळीने वाळत होती, अक्का कडेला उभ्या राहून हात धूत होत्या. मी नेहमीचं वाक्य म्हटलं.

‘‘मावशी,’’ ती म्हणाली, ‘‘मी नको म्हटलं, तर बंद ठेवाल?’’

मी वाळत घातलेल्या कापडांकडे पाहिलं. अक्कांनी हात पुसायचे थांबवले होते.

‘‘ठेवीन,’’ मी म्हटलं. पण त्याआधी मी जेवढा वेळ गप्प होते, तेवढा तिने ऐकला होता.